निवृत्ती, खवा लागला का?

आमचे शेजारी रंगनाथअण्णा स्वतःच्या गुडघ्यांना निवृत्ती म्हणतात. उजव्या पायाला भीमराव म्हणतात. डावा हात म्हणजे काशिनाथ. डाव्या पायाला मात्र त्यांनी नाव ठेवलेलं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्यो बिगारी हाय बाई. बिगाऱ्याला कोण नाव इचारतंय?"

लग्न होऊन मी भूम-वाशी रस्त्यावरच्या या गावात आले, शाळेत नोकरीला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "भीमराव, दम धर की जरा! काशिनाथ, डोळा लागला का? आन् निवृत्ती, खवा लागला का रं?" मागून पेटीचा सूर, ढोलकी, टाळ. मला वाटलं, शेजारी भलंमोठं खटलं राहतंय आणि सगळ्यांचं एकमेकांशी फाटलंय. स्टुलावर चढून मी भिंतीवरून डोकावले. अंगणात एकच माणूस होता. बंडी घातलेला, टक्कल पडलेला, आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला.

सीट खरोखरच एसटीची होती. अण्णा भूमच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर भंगारातून त्यांनी ही सीट आणली आणि तिच्याभोवती आपलं भजनी मंडळ उभं केलं. डाव्या पायाखाली शिलाई मशीनचा पायटा. तो दाबला की पेटीचा भाता हलतो. बिगाऱ्याचं काम तेवढंच. उजव्या पायाखाली ब्रेकचं पेडल. त्याला तार, तारेला कापड गुंडाळलेली काठी आणि काठीपुढं ढोलकी. डाव्या खांद्याला वीणा आणि डाव्या हाताचं बोट तिच्या तारेवर. दोन्ही गुडघ्यांना आतल्या बाजूनं एकेक टाळ. उजवा हात पेटीवर. उरलं तोंड, ते अभंगाला आणि शिव्यांना.

हे सगळं एकाच वेळी चालू झालं की अण्णा दिसायचे मोठे गमतीदार. वरचं अंग देवळातल्यासारखं शांत आणि कमरेखाली नुसती घाई.

वाजवण्याआधी हजेरी व्हायची. हजेरीशिवाय मंडळ सुरू होत नसे. "भीमराव?" उजव्या पायानं ढोलकीवर एक ठोका. "हजर. काशिनाथ?" वीणा टुणकन वाजायची. "हजर. निवृत्ती?" इथं गुडघे गप्प. अण्णा वाट बघायचे, घसा खाकरायचे, आभाळाकडं बघायचे. मग सावकाश टाळ किणकिणायचे. "आला! निघाला एकदाचा भट्टीवरनं."

मग चहा. अण्णांच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणते. काकू ताटलीत चार कप घेऊन यायच्या, ते चारही अण्णा ओळीनं प्यायचे. "मंडळाचा चहा हाय," म्हणायचे, "म्या एकट्यानं पिलो तर लोक काय म्हणतेल?" काकू भिंतीशी येऊन मला सांगायच्या, "आमचं हे माणूस लई येडं हाय बघा बाई. चार कपाची साखर एकाच पोटात जायलीय, आन् शुगर वाढली की म्हणतंय, काशिनाथाची वाढली आसंल."

हळूहळू मला कळलं की ही नावं हवेतली नव्हती. वरच्या आळीचं भजनी मंडळ एकेकाळी खरंच चौघांचं होतं. अण्णा पेटीवर, भीमराव ढोलकीवर, काशिनाथ वीणेवर आणि निवृत्तीकाका टाळावर. भीमराव मुलाकडं पुण्याला गेले. तिथं सोसायटीच्या झाडांना पाणी घालतात म्हणे. काशिनाथ वारले. आणि निवृत्तीकाकांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. त्यांची खव्याची भट्टी आता मुलगा बघतो. ते मारुतीच्या देवळासमोरच्या आपल्या घरात खाटेवर असतात आणि कुणाला भेटत नाहीत. सुरुवातीला अण्णा गेले होते. काकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि सुनेला सांगितलं, यापुढं कुणाला आत सोडू नको. अण्णा परत गेले नाहीत.

"मानी माणूस हाय त्यो," एवढंच ते म्हणायचे, आणि गुडघ्यांवर खेकसायचे.

मी संगीताच्या दोन परीक्षा दिल्यात. त्यात माझे गुण काय होते ते सोडा, पण कान बरा आहे. आणि माझ्या कानाला अण्णांच्या मंडळात एक गोष्ट रोज टोचायची. टाळ मागून पडायचा. ढोलकी वेळेवर, पेटी वेळेवर, आणि टाळ मात्र एवढासा उशिरा. जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटात मीठ शेवटी यावं तसा. रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायचे आणि त्या टाळाची वाट बघत माझं लाटणं हवेत थांबायचं. पोळ्यांचे आकार बघून घरचे लोक बोलायला लागले.

शेवटी मी भिंतीवरून म्हटलं, "अण्णा, मी येऊ का टाळ वाजवायला? तुमचे गुडघे तरी सुटतील."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या ताटातली भाकरी मागितली. "जागा रिकामी न्हाय बाई. निवृत्ती हाय की."

"पण तो मागं पडतोय."

"पडंलच की. खवा घाईनं हालवला तर कढईला लागतोय. साऱ्या जिंदगानीत खुरपं सावकाश फिरवलेलं माणूस त्ये. हाताला तीच सवय."

मी खाली वाकून बघितलं. टाळांच्या मागं एकेक बारीक स्प्रिंग होती. गुडघे जुळले की आधी स्प्रिंग दबायची, मग टाळ भिडायचे. मला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. "अण्णा, ही स्प्रिंग काढा. टाळ आपोआप जागेवर येईल."

"स्प्रिंगला हात लावू नका," अण्णा म्हणाले. "लई खटपटीनं बसवलीय. सात-आठ बदलल्या तवा ही गावली."

नादुरुस्तीसाठी इतकी खटपट करणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच बघत होते. मी स्टुलावरून उतरले आणि पोळीकडं वळले.

आमच्या गावात हनुमान जयंतीच्या आधी सप्ताह बसतो. सात दिवस देवळात भजन अखंड चालतं आणि वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यासाठी प्रत्येक मंडळाला दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. वरच्या आळीच्या मंडळाचा पहारा दुपारी दोन ते चार. चैत्रातलं ऊन, सभामंडपावर पत्रे, पोटात सप्ताहाची पंगत. तो पहारा कुणालाच नको असायचा. म्हणून मंडळ एकट्या अण्णांवर आलं तरी कुणी हरकत घेतली नाही. दोनच्या ठोक्याला अण्णांची सीट हातगाडीवरून देवळात यायची, मागून काकू पाण्याचा तांब्या घेऊन, आणि अण्णा बसल्या जागी वीणा गळ्यात घ्यायचे.

चारही हातपाय गुंतलेल्या माणसाला दोन तास काय काय होऊ शकतं, याचा आपण कधी विचार करत नाही. एका वर्षी अण्णांच्या नाकावर माशी बसली. हात सोडवावा तर वीणा थांबते. अण्णांनी फुंकर मारून बघितली, नाक उडवून बघितलं, माशी काही हलेना. काकू खांबाला टेकून पेंगत होत्या. शेवटी अण्णांनी अभंगाच्याच चालीत सूर लावला, "अगं ए, माशी हाकल, नाकावरची माशी हाकल." देवळात चार म्हाताऱ्या अर्धवट झोपेत टाळ्या वाजवत बसल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता ती ओळ उचलली. "माशी हाकल, माशी हाकल, नाकावरची माशी हाकल!" भोंग्यावरून ते साऱ्या गावानं ऐकलं. काकू जाग्या होईपर्यंत त्याची चार-पाच आवर्तनं झाली होती.

भोंग्याचीही एक गोष्ट आहे. देवळाच्या शिखराला दोन भोंगे बांधतात. त्यातला एक अण्णा दर वर्षी स्वतः शिडी लावून चढून फिरवायचे, तो बरोबर समोरच्या घराकडं तोंड करून. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला नीट झोपू पण देत नाही हा माणूस. आणि अण्णा भर अभंगात त्याच भोंग्यातून ओरडायचे, "निवृत्ती, खवा लागला का?" देवळात हशा व्हायचा. तो आता सप्ताहाचा एक कार्यक्रमच झाला होता.

यंदा घोटाळा कूलरनं केला. कुणा दात्यानं देवळाला मोठा कूलर दिला आणि दुपारच्या पहाऱ्याला अचानक भक्त वाढले. खालच्या आळीच्या पोरांचं नवं मंडळ आहे, सगळ्यांना एकसारखे कुर्ते. त्यांनी सप्ताह समितीच्या दादारावांकडं अर्ज टाकला, की दोन ते चारचा पहारा आम्हाला द्या. एका माणसाचं मंडळ असतं का? आणि त्याचा टाळ सुद्धा चुकतो.

दादाराव किराणा दुकान चालवतात. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. त्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं, "अण्णा, बाकी काय बी ऱ्हाऊ द्या. पर टाळ तेवढा बसवा. तुमी तर इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारं माणूस. टाळ बसला तर पहारा तुमचा. न्हाय तर पोरांना देऊन टाकतो."

मला वाटलं, चला, आता स्प्रिंग निघणार आणि माझ्या पोळ्या गोल होणार. अण्णा घरी आले, सीटवर बसून राहिले. त्या संध्याकाळी हजेरी झाली नाही. काकू भिंतीशी आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बाई, पहारा गेला तर ह्यांचं काय व्हईल सांगा. वरीसभर ह्या सात दिसांसाठी जगतंय माणूस. आन् म्हणतंय, टाळाला हात लावणार न्हाय."

"का पण?"

"मला काय सांगतंय व्हय."

सप्ताह सुरू झाला. दादारावांनी आपल्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं. "बाईंनी परीक्षा दिल्यात. बाई ऐकतेल आन् सांगतेल. त्या म्हणतेल त्ये मंजूर." सकाळची शाळा असल्यामुळं मला सबबही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी देवळात जाऊन बसले. कूलर असा घरघरत होता की टाळ सोडा, ढोलकीसुद्धा ऐकू येईना. उजवीकडं खालच्या आळीचा एक कुर्ता, डावीकडं एक कुर्ता. दोघं दर ठोक्याला माझ्या तोंडाकडं बघायचे. मी उठले आणि बाहेर आले. ऊन डोक्यात घुसत होतं. सावली म्हणाल तर एकच, समोर निवृत्तीकाकांच्या ओसरीची, भोंग्याच्या बरोबर तोंडाखाली.

त्यांची सून मंगल पाणी घेऊन बाहेर आली. "बसा बाई. पर आत येऊ नका, मामांना आवडत न्हाय."

मी बसले. इथं भोंगा स्वच्छ ऐकू येत होता. पेटी जागेवर. ढोलकी जागेवर. टाळ मागं, नेहमीइतकाच. माझा निकाल तयार झाला. अण्णांसाठी वाईट वाटत होतं, पण कान कसा खोटं बोलणार?

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की टाळ दोन वाजतायत. एक भोंग्यातून आणि एक माझ्या पाठीमागून. मी मागं वळले. दार अर्धं लोटलेलं होतं. आत लोखंडी खाटेची कड दिसत होती आणि कडेवर एक हात. डावा. मनगटात जाड कडं. तो हात उचलत होता आणि कडं खाटेवर आपटत होता. ढोलकी पडून जायची, मग एवढासा वेळ, आणि मग टाळ आणि कडं एकदम. एकदाही मागंपुढं नाही.

भोंग्यातून अण्णा ओरडले, "निवृत्ती, खवा लागला का?" देवळात नेहमीसारखा हशा झाला.

आणि आतून जड जिभेचा, अर्धा तुटलेला आवाज आला. "न्हा... न्हाय लागला."

मंगल दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "सप्ताह बसला की रोज म्हणतेत. एरवी दिवसभर तोंडातनं शब्द न्हाय. डागदर म्हणतेत हात हालवा, ऐकत न्हाईत. ह्ये सुरू झालं की हालवतेत."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

चार वाजता दादारावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हां बाई, बोला. टाळ?"

"टाळ जागेवर आहे," मी म्हटलं.

कुर्त्यांमध्ये गडबड झाली. "मागं पडतंय की बाई! शेंबडं पोरगं सांगंल!"

"जिथं पडायला पाहिजे तिथंच पडतोय," मी शाळेतला आवाज काढून म्हटलं. त्या आवाजापुढं ती पोरं अजून उभी राहत नाहीत. त्यातली निम्मी माझ्याच हाताखालून गेलीत. दादारावांना काही कळलं नाही, पण मिटलं याचाच त्यांना आनंद. पोरांना चार ते सहाचा पहारा मिळाला. कूलर तेव्हाही चालूच असतो.

मला वाटलं, अण्णा आभार मानतील. ते संध्याकाळी भिंतीशी आले ते तणतणतच. "बाई, खोटं कामून बोललाव? टाळ मागंच हाय. मास्तरकी करणाऱ्या माणसानं देवळात उभं ऱ्हाऊन खोटं बोलावं?"

"मी खोटं बोलले नाही अण्णा. खाटेवर कडं वाजत होतं, त्याच्याशी लावून बघितलं."

अण्णांनी वळून देवळाच्या दिशेनं बघितलं.

"आणि ते म्हणाले, न्हाय लागला."

अण्णांनी भिंतीवर हात ठेवला. भिंतीचा एक पोपडा निघाला होता, तो उगाच बसवत राहिले. मग म्हणाले, "कडं? कंच्या हातात व्हतं?"

"डाव्या."

"उजव्या हातात घालायचा त्यो," अण्णा म्हणाले. "मंगलनं बदललं आसंल." आणि घरात निघून गेले.

काल्याच्या आदल्या दिवशी, पहारा अर्ध्यावर आला आणि लाईट गेली. कूलर बंद, भोंगे बंद. कूलरचे भक्त एकेक करून चपला शोधायला लागले. थोड्या वेळानं देवळात राहिलो अण्णा, काकू, मी आणि त्या चार म्हाताऱ्या. गावात पान हलत नव्हतं. अण्णांचं लक्ष सारखं मुक्या झालेल्या माईककडं जात होतं. ढोलकी सुद्धा ढिली पडली. भीमराव पुण्याला गेल्यासारखाच वाजत होता.

मग अण्णांनी मान वर केली, छाती भरून घेतली आणि रस्त्यापलीकडं हाक मारली. "निवृत्तीऽऽ, खवा लागला का?"

आणि थांबले. ते कधी थांबत नसत. ढोलकी थांबली, पेटी थांबली. वीणा थांबवायची नसते म्हणून काशिनाथ तेवढा वाजवत राहिला. अण्णांनी दोन्ही गुडघे एकमेकांपासून लांब केले आणि तसेच धरून ठेवले.

समोर मंगलनं दार पूर्ण उघडलं. काही झालं नाही. म्हाताऱ्यांनी सुद्धा डोळे उघडले. मी काकूंचा हात धरला.

मग लोखंडावर कडं वाजलं. ठण्ण. थोडं थांबून पुन्हा, ठण्ण.

अण्णांनी उजव्या पायानं ढोलकी उचलली, पेटी धरली आणि अभंग पुढं सुरू केला. गुडघे त्यांनी जोडले नाहीत. रस्त्यापलीकडून टाळ येत होता, ढोलकी पडून गेल्यावर, अगदी आपल्या जागेवर. अण्णांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. काकूंनी उठून पदरानं पुसले.

चार वाजता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. काकूंनी रीतीप्रमाणं ताटलीत चार कप आणले. अण्णा एक प्याले, दोन प्याले, तिसराही प्याले. चौथा उचलून त्यांनी काकूंच्या हातात दिला.

"बिगीबिगी घेऊन जा," म्हणाले. "त्यो पितंय उशिरा. गार व्हईल."